तिसऱ्या रविवारची मॉनिका

कोंडिविट्याच्या गावठाणात मॉनिका मिस्किटाची गोष्ट कुणालाही विचारा, लोक हातातलं काम टाकून सांगतात. सेराफिनाची एकुलती एक मुलगी, शिकलेली, सरकारी नोकरीतली, भर देवळात उभी राहिली आणि स्वतःचंच लग्न मोडून बसली. गावातले जुने ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतात. ऑफिसातल्या कुणावर तिचा जीव होता म्हणे, त्यानेही काही लग्न केलं नाही तिच्याशी, आणि पोरगी राहिली तशीच. आता गंमत अशी की या गोष्टीत एकही वाक्य खोटं नाही, आणि तरी ती गोष्ट साफ चुकीची आहे. ती दुरुस्त करायला मॉनिकाने कधी तोंड उघडलं नाही, कारण तोंड बंद ठेवण्याचाच तिला पगार मिळत होता.

तिचं ऑफिस सात बंगल्याला, समुद्राकडे तोंड करून असलेल्या एका जुन्या बंगल्यात होतं. दारावर ‘मत्स्य पाहणी केंद्र’ अशी पाटी. त्या पाटीमागे कुणी जन्मात माशाची पाहणी केली नव्हती. किनाऱ्यावर ठिकठिकाणी पेरलेली सरकारची माणसं तिथे आपापली पानं पाठवायची. कुठली होडी कधी सुटली, कोण कुणाला भेटलं, सोनं उतरवून परत जाताना होडीतून कुणाचे गुप्त कागद सीमेपलीकडे गेले. पानावर नाव नसे, फक्त नंबर. मॉनिका ती पानं टाइप करी, त्यातला प्रत्येक माणूस आणि प्रत्येक होडी वेगवेगळ्या कार्डांवर उतरवी, आणि कार्डं पुढेमागे सरकवून कशाला काय जुळतं ते बघत बसे. इंग्रजी पुस्तकांत असल्या कामाला भारदस्त नाव असतं. तिच्या पगारपत्रकावर ‘कनिष्ठ कारकून’ असं होतं.

बसे म्हटलं खरं, पण बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. दर अर्ध्या तासाला उठून ती खिडकीशी जायची, पाणी प्यायची, कपाटाचं दार उघडून परत लावायची. साहेब रामनाथ तेलंग हे शांत, पान खाणारे, कुणाला न दुखावणारे गृहस्थ होते. त्यांनी नोकरीच्या पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. घरी काही बोलायचं नाही. आणि पानावरच्या नंबरामागे कोण माणूस आहे, ते शोधायचं नाही. चुकून कळलंच तर त्याच दिवशी त्यांना येऊन सांगायचं, म्हणजे ते त्या माणसाला तिथून हलवतील.

पहिली गोष्ट तिने निमूट पाळली. दुसरीची वाट लावली ती सतरा नंबरने.

सतरा नंबरच्या पानांना एक वाईट खोड होती. बाकीचे लोक पोलिसी पंचनाम्यासारखं लिहायचे. हा मधेच एखादी ओळ अशी टाकायचा, की टाइप करता करता हसू दाबावं लागे. ‘पहाटेपासून जाळी विणण्याचे सोंग केले. आता मला खरेच विणता येते.’ असलं काहीतरी. स्वच्छ प्रतीत या ओळी गाळायच्या असत आणि मॉनिका त्या इमानाने गाळी; पण पान मंगळवारी यायचं म्हणून ती सोमवारपासून दाराकडे बघत राही, हेही तितकंच खरं. सव्वीस वर्षांची शहाणी बाई एका नंबरावर खूश होती.

सत्तर सालचा पाऊस संपला आणि सेराफिनाने घरामागची खोली भाड्याने दिली. भाडेकरू होता लॉरेन्स घोन्साल्विस. तिशीचा, सावळा, हाताला तेलाचा वास. वर्सोव्याच्या एका बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होता. मूळचा गोराईचा, पण दोन वर्षांचा असतानाच आईबाप गेले आणि पुढे अनाथाश्रमात वाढला, असं त्याने सांगितलं.

“समदं इचारलं मी त्याला,” सेराफिना लुगड्याचा पदर खोचत मॉनिकाला म्हणाली. “पोर बरा हाय. ताटात कायबी टाकत नाय.”

सेराफिनाच्या कसोटीला एवढं पुरत होतं. सहा-सात महिन्यांत लॉरेन्स खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत आला. मॉनिकाला तो आवडायला लागला होता, पण तिच्या मनात सतरा नंबर ठाण मांडून बसला होता. दोन माणसांत जीव अडकलाय, आणि त्यातल्या एकाचं तर तोंडही पाहिलेलं नाही, याची तिला स्वतःचीच चीड यायची.

मग मे महिन्यात गावात एक मोठं लग्न झालं. लग्न ऑगस्टीनच्या घरचं. ऑगस्टीन म्हणजे गावातला सगळ्यात मोठा माणूस. वर्सोव्याला चार होड्या, दारात लॉरी, देवळात पहिला बाक. त्याच्या होड्या नुसती मासळी आणत नाहीत, हे मॉनिकाला कार्डांवरून ठाऊक होतं. गुणाजी नावाचा त्याचा इंजिनवाला दोन वर्षांपूर्वी नको ते प्रश्न विचारायला लागला होता. तो वर्सोव्याच्या खाडीत सापडला. पाय घसरला, असं सगळे म्हणाले.

लग्नाच्या मांडवात बँड वाजत होता, सोरपोतेलच्या रश्शाबरोबर तळलेल्या पिठाचे गरम फुगे वाढले जात होते, आणि लॉरेन्स नाचायला उठायचं नाव घेत नव्हता. मॉनिका त्याच्यावर तडकली. पलीकडे ऑगस्टीनची मोठी होडी चालवणारा तांडेल ग्लासामागून ग्लास रिकामे करत बडबडत होता. ती बडबड मॉनिकाने अर्थातच नीट ऐकली आणि लक्षात ठेवली.

मंगळवारी सतरा नंबरचं पान आलं. ‘तांडेल चौथ्या ग्लासानंतर बोलला की मोठी होडी गुरुवारी ओहोटीबरोबर सुटणार. दुसऱ्या कोणी ऐकले नाही. शेजारी घरमालकिणीची मुलगी होती, पण मी नाचत नाही म्हणून ती रागावली होती आणि रागावली की तिला ऐकू येत नाही.’

मॉनिकाने पान पालथं ठेवलं. उठून तोंड धुतलं, लागोपाठ तीन ग्लास पाणी प्यायली, परत येऊन पान वाचलं, आणि पुन्हा तोंड धुवायला गेली. तिची दोन्ही माणसं एकच होती. आनंदाने तिला ओरडावंसं वाटलं, पण त्याच क्षणी गुणाजीच्या वाटेने आता कोण चाललंय तेही तिला कळलं. नियमाप्रमाणे उठून तेलंगसाहेबांना सांगायचं होतं. सांगितलं तर संध्याकाळपर्यंत घरामागची खोली रिकामी झाली असती. तिने ती गमतीची ओळ गाळली, पान टाइप केलं, आणि गप्प बसली. सरकारदरबारी तिचा हा पहिला गुन्हा.

त्यानंतरचे महिने तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. रात्रीच्या जेवणाला सेराफिनाच्या हातची आमटी आणि समोर लॉरेन्स.

“आज काय केलंस ऑफिसात?” तो विचारायचा.

“बांगड्यांची पाहणी. तू?”

“बर्फाचं मशीन बिघडलं ना यार. दिवसभर तेच.”

दिवसभर तो वर्सोव्याला ऑगस्टीनच्या होड्यांवर नजर ठेवून होता, हे मंगळवारी तिच्या टेबलावर येणारच असायचं. एकाच टोपातली आमटी खाणारी ती दोन खोटारडी माणसं. फरक इतकाच की एकाला दुसऱ्याचं खोटं ठाऊक होतं. तो उशिरा आला की ती अंगणात येरझाऱ्या घाली, आला की त्याच्यावर खेकसे. आणि त्याला वाटे, ही बाई भाडेकरूंच्या वेळेबाबत फार कडक आहे.

सप्टेंबरात बांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेत गर्दीतून वाट काढताना त्याने तिचा हात धरला आणि सोडला नाही.

“मॉनिका, तुझ्या आयला विचारू का?”

“मला आधी विचारायचं असतं, बावळटा.”

“तुला विचारलं तर तू नाही म्हणशील.”

“विचारून तर बघ!”

अशी ती हो म्हणाली. बसमध्ये मात्र मनात किडा वळवळायला लागला. भाडेकरूला गावातून कधीही निघ म्हणता येतं, जावयाला नाही. मग हे लॉरेन्सने विचारलं, की सतरा नंबरने? घर येईपर्यंत तिने रुमालाची सगळी शिवण उसवून टाकली होती.

उत्तर ऑक्टोबरात आलं आणि तेही तिच्याच टेबलावर. ‘गावात पाय घट्ट रोवण्यासाठी लग्नाचे निमित्त उपयोगी पडेल. त्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला लागेल. तयार करून पाठवावा.’ या पानात गमतीची एकही ओळ नव्हती. मॉनिकाने ते टाइप केलं. कामाचं होतं, गाळण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिला इतकं लागलं की दोन दिवस ती लॉरेन्सशी धड बोलली नाही, आणि त्याला विचारायचीही सोय नव्हती. विचारायचं तर तुझी पानं मी वाचते हे सांगावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी तो दारात तिच्या चपलेचा तुटलेला पट्टा शिवत बसलेला दिसला आणि तिचा राग पार विरघळला. कामापुरतं करणारा माणूस इतक्या बारीक टाक्यांनी चप्पल शिवतो का? कोण जाणे, शिवतही असेल. तिला हे कळायला हवं होतं, बाकी जगात काहीही नको होतं.

आता ख्रिस्ती लग्नाची एक रीत सांगायला हवी. लग्नाआधी तीन रविवार फादर मिस्सेत, म्हणजे देवळातल्या प्रार्थनेत, वधूवरांची नावं, आईबाप आणि गाव मोठ्याने वाचतात, आणि कुणाला अडथळा माहीत असेल तर कळवा, असा पुकार करतात. नाताळाआधीचा आगमनकाळ लागला की लग्नं बंद, म्हणून मॉनिकाचं लग्न एकवीस नोव्हेंबरला ठरलं. पहिला पुकार झाला, दुसरा झाला. लॉरेन्सचा दाखला मात्र यायचा होता. फादर ॲम्ब्रोज भला माणूस, येईल म्हणाले. मॉनिकाही निर्धास्त होती. दाखला आपल्याच ऑफिसात कुठेतरी बनतोय, म्हणजे गोराईच्या फादरशीही कुणीतरी बोलून ठेवलं असेल, असं तिने गृहीत धरलं होतं.

तिसऱ्या पुकाराच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, फादरांनी तिला बोलावून घेतलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

“लॉरेन्सने दाखला आणून दिला काल. वाच बघू, मी वहीत लिहून घेतो.”

कागद छान जुना दिसत होता. शिक्का बरोबर, सही झकास. मॉनिका वाचत गेली. नाव, बापाचं नाव, आईचं नाव. बाप्तिस्म्याची तारीख बावीस मार्च एकोणीसशे चाळीस.

तिथे ती थांबली. सेराफिनाचं लग्न सत्तावीस मार्च एकोणीसशे चाळीसचं, बुधवारचं. त्या वर्षी पास्काचा सण, म्हणजे ईस्टर, कधी नव्हे इतका लवकर, चोवीस मार्चला आला, म्हणून उपासाचे दिवस लवकर संपले आणि तिसऱ्याच दिवशी आपला मांडव पडला, हे सेराफिना दर वर्षी न चुकता ऐकवायची. चोवीसला पास्काचा रविवार, म्हणजे बावीसला गुड फ्रायडे. मूल मरायला टेकलं असेल तर गोष्ट वेगळी, एरवी त्या दिवशी कुठल्या देवळात बाप्तिस्मा होत नाही. त्या दिवशी घंटासुद्धा वाजवत नाहीत. ऑफिसातल्या कुण्या बाबूने डोळे मिटून एक तारीख टाकली होती. गुड फ्रायडेची सुट्टी त्यालाही मिळत असणार, पण तो दिवस दर वर्षी तारीख बदलतो हे उपास धरणाऱ्यालाच लक्षात राहतं. आणि ज्यांना एवढं विचारायचं सुचलं नाही त्यांनी गोराईच्या फादरला गाठून ठेवलं असेल, हे शक्यच नव्हतं.

“काय झालं?” फादरांनी विचारलं.

“काही नाही फादर. अक्षर पुसट आहे.”

“असू दे. आता दाखला गोराईला जाईल. तिथले फादर वही उघडून नाव ताडतील आणि सही करतील. उद्या मिस्सा झाल्यावर ऑगस्टीन तिकडेच चाललाय, त्याच्याच हाती देतो.”

त्यांनी कागद तिच्या हातून घेतला आणि कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली.

मॉनिका घरी न जाता गावाबाहेरच्या शेतांच्या बांधावरून चालत सुटली. तिचं डोकं कार्डं सरकवत होतं, फक्त या वेळी कार्डांवर तिचं स्वतःचं माणूस होतं. गोराईच्या वहीत लॉरेन्स नाही. ते ऑगस्टीनच्या समोरच उघडं पडणार. त्याच्या आधी, वाटेत कागद उघडून बघायला ऑगस्टीनला कोण अडवणार होतं? तोही उपास धरणाराच. दाखला चोरून फाडावा तर फादर दुसरा मागवतील. तेलंगसाहेबांना सांगावं तर ते लॉरेन्सला आजच उचलतील, आणि तिसऱ्या पुकाराच्या तोंडावर नवरदेव गायब झाला की ऑगस्टीनला दाखला बघायचीही गरज नाही. वर्षभराचं काम बुडेल आणि माणसं सेराफिनाच्या दारात येतील. लॉरेन्सला सांगावं तर तो पळेल, म्हणजे पुन्हा तेच. कसंही सरकवलं तरी सगळी कार्डं एकाच जागी येऊन थांबत होती. लग्नच नसलं तर दाखला कुठे जायचा नाही. आणि ते मोडायचं तर तिनेच, दोष सगळा आपल्या अंगावर घेऊन. फादरांना एकटं गाठून सांगितलं तर ते समजूत काढत बसले असते आणि तोवर कागद गोराईला गेला असता. ऑगस्टीनने ते स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं होतं.

ती बांधावर बसली आणि पोटभर रडली. लॉरेन्सला आपण हवे आहोत की नाही, हेसुद्धा आता कळणार नव्हतं.

रविवारी देऊळ भरलं होतं. सेराफिनाने ठेवणीतलं लाल लुगडं नेसलं होतं. पुरुषांच्या बाजूला लॉरेन्स पांढऱ्या शर्टात, केस पाण्याने चापून बसवलेले. पुढच्या बाकावर ऑगस्टीन.

“गोराईचे लॉरेन्स, मयत अंतोन घोन्साल्विस यांचे पुत्र,” फादर आता पाठ झालेली नावं पुकारायला लागले, “आणि आपल्याच गावच्या मॉनिका, मयत पीटर मिस्किटा आणि सेराफिना यांची कन्या. हा तिसरा आणि शेवटचा पुकार. या लग्नाला कुणाला काही अडथळा ठाऊक असेल, तर त्याने...”

मॉनिका उभी राहिली. पुढच्या बाकाची पाठ तिने दोन्ही हातांनी धरली.

“मला ठाऊक आहे. मला हे लग्न करायचं नाही.”

फादर चष्मा काढून कोण बोललं ते शोधू लागले.

“मॉनिका? काय बोलतेस, बाळ?”

“माझा जीव दुसऱ्यावर आहे. माझ्या ऑफिसातल्या माणसावर. लॉरेन्स इथे यायच्या आधीपासून. देवासमोर खोटं बोलून लग्न करणार नाही मी.”

ती खरंच खोटं बोलली नव्हती. सेराफिनाने कपाळ बडवून घेतलं, बायकांनी तिला धरलं, कुणीतरी मॉनिकाला बेशरम म्हणालं. तिने फक्त ऑगस्टीनकडे पाहिलं. तो लॉरेन्सकडे वळून बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर कीव होती. मॉनिकाला तेवढंच हवं होतं.

बाहेर क्रुसापाशी लॉरेन्सने तिला गाठलं. त्याचा चेहरा उतरला होता, पण हे उतरणं खरं की सोंग, ते आताही तिला ओळखता येईना.

“कोण आहे तो?”

“नाव विचारू नको. मला सांगता येत नाही.”

“बरा आहे का माणूस?”

“खोटं फार बोलतो,” मॉनिका म्हणाली. “पण बरा आहे.”

तो आणखी काही बोलणार तोच ऑगस्टीनने मागून येऊन त्याच्या खांद्यावर हात टाकला. “सोड रे तिला. असल्या पोरीसाठी कोन रडतो? कारखान्यात बर्फ फोडून काय मिलतं तुला? चल माज्या होडीवर. मना इंजिनवाला पायजेच हाय.” दाखल्याबरोबर गोराईला धाडायची चिठ्ठी फादरांनी तोवर फाडून टाकली होती; दाखला आता कुठे जाणार नव्हता. दुपारपर्यंत घरामागची खोली रिकामी झाली. सेराफिना मॉनिकाशी बोलायची बंद झाली.

मंगळवारी पान आलं. मॉनिकाने ते उभ्याउभ्याच वाचलं.

‘ऑगस्टीनने मला मोठ्या होडीवर घेतले आहे. जे काम वर्षभरात झाले नाही ते लग्न मोडल्याने झाले. शनिवारी निघतो. दाखला आता लागणार नाही. तो मागताना मी कामाचे निमित्त लिहिले होते, ते खोटे होते. मला लग्न करायचे होते. नोंद दुरुस्त करावी.’

खाजगी मजकूर गाळायचा, हा नियम. मॉनिकाने शब्दन् शब्द टाइप केला आणि कागद तेलंगसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, पान चघळायचं थांबवलं, आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

“शेवटच्या ओळी कामाच्या नाहीत, बाई. गाळायला हव्या होत्या.”

“त्यांनी नोंद दुरुस्त करायला सांगितलंय, साहेब.”

तिच्या आवाजावरून त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. कागदावर सही करून त्यांनी तो पुढे पाठवला.

शनिवारी होडी गेली. पुढच्या मंगळवारी सतरा नंबरचं पान आलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मग तीन डिसेंबरला लढाई सुरू झाली. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद चिकटले, भोंगे वाजायला लागले. बाकीच्या नंबरांच्या पानांचा ढीग टेबलावर पडू लागला आणि मॉनिका त्या ढिगात एकच नंबर शोधत राहिली. एका पानात दोन ओळी सापडल्या. मोठी होडी समुद्रात अडवली, गोळीबार झाला, तिघे मेले, नावे समजली नाहीत. ऑगस्टीनला घरून उचलून नेलं. तिघे कोण? विचारायचं कुणाला? तिला जेवण जाईना, झोप येईना, खुर्चीत दहा मिनिटं बसवेना. दुपारच्या सुट्टीत ती वर्सोव्याच्या वाळूत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राही, आणि जाळी सुकवणाऱ्या कोळणी तिला वेडी समजून वाट देत. आपण त्याला एका मरणातून काढलं आणि दुसऱ्यात लोटलं, हे एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं. लढाई संपली, नाताळ गेला. त्या नाताळात मिस्किटांच्या घरी फुगे तळले गेले नाहीत.

जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी तिने लिफाफा उघडला आणि वरच्या पानावर नंबर दिसला. सतरा.

तिने वाचायला घेतलं. होड्यांची नावं, वेळा, भरतीओहोटी. सगळं सरळ रेषेत, सगळं बरोबर. एकही ओळ गाळण्यासारखी नाही. अक्षर दुसऱ्याच कुणाचं होतं.

ती पान घेऊन तडक साहेबांच्या खोलीत शिरली. दारावर टकटक करायचंही तिला सुचलं नाही.

“साहेब, हा सतरा नाही.”

“नाही,” तेलंगसाहेब शांतपणे म्हणाले.

“मग तो...”

साहेबांनी उठून दार लावलं. खिडकीबाहेर बघत, शाळेतल्या मुलीला नियम समजावून सांगावा तसे ते म्हणाले, “तुम्हाला इथे येऊन पाच वर्षं झाली, पण हे सांगायचं राहून गेलं असावं. आपला माणूस मेला, तर त्याचा नंबर आपण पुन्हा कुणाला देत नाही. बदलून दुसरीकडे गेला, तरच देतो.”

मॉनिकाने हातातलं पान टेबलावर पालथं ठेवलं.

“कुठे?” तिने विचारलं.

“ते मलाही सांगत नाहीत. तुम्ही आज घरी जा, बाई. माशांची पाहणी उद्या केली तरी चालेल.”

सात बंगल्यापासून अंधेरी स्टेशन आणि स्टेशनपासून कोंडिविटे, दोन्ही बसमध्ये ती हुंदके देत रडली. लोकांनी जागा करून दिली, एका म्हाताऱ्याने पाणी विचारलं, तिला कशाचीच लाज वाटली नाही. फाटक ढकलून ती आत आली तेव्हा सेराफिना पायरीवर बोंबील साफ करत बसली होती. दोन महिन्यांत तिने लेकीशी शब्द काढला नव्हता. पण दिवसाढवळ्या, भर कामाच्या वेळी, असं तोंड घेऊन पोरगी घरी आलेली बघून म्हातारीच्या हातातली सुरी खाली पडली.

“काय झालं गं? कोन मेला?”

मॉनिका तिच्या शेजारी पायरीवर बसली आणि तिच्या मासळीच्या ओल्या हातांत तिने तोंड खुपसलं.

“कोनी नाय मेला, आय,” ती म्हणाली. “कोनी नाय मेला.”